कर्बवायूचे इंधन: आधी ऊर्जेचा हिशेब मांडा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फोंड्याच्या बसस्थानकाजवळ उभ्या राहणाऱ्या एका मोटारसायकल पायलटने, म्हणजे भाड्याने प्रवाशांना मागे बसवून नेणाऱ्या चालकाने, जो पूर्वी माझा विद्यार्थी होता, मला परवा थांबवून विचारले, "सर, आतां वाऱ्यांतल्यान पेट्रोल करतात खंय, खरें?" त्याच्या मोबाइलवर कुठल्याशा बातमीचे कात्रण होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड, ज्याला या पत्रात सोयीसाठी मी कर्बवायू म्हणेन, तो 'स्थिर केलेल्या एन्झाइमां'च्या मदतीने इंधनात बदलता येतो आणि त्यामुळे प्रदूषण व इंधनटंचाई हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी सुटतील, असा त्या बातमीचा आशय होता. अशा बातम्या आपल्या दैनिकासह बहुतेक वर्तमानपत्रांतून अधूनमधून येतात. त्या खोट्या नसतात. परंतु त्यांत ज्या एका प्रश्नाचे उत्तर हमखास गाळलेले असते, तोच प्रश्न पहिल्यांदा विचारायला हवा, असे मला उच्च माध्यमिक विद्यालयात अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवल्यानंतर वाटते. तो प्रश्न म्हणजे, या इंधनातली ऊर्जा येते कुठून?

आधी या पद्धतीचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. एन्झाइम, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतील विकर, हे सजीवांच्या पेशीत तयार होणारे प्रथिन असून ते एखादी ठरावीक रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणते. कर्बवायूपासून मिथेनॉल तयार करण्याच्या सर्वांत परिचित पद्धतीत अशी तीन विकरे एकामागोमाग एक काम करतात: पहिले कर्बवायूचे फॉर्मिक आम्ल करते, दुसरे त्या आम्लाचे फॉर्माल्डिहाइड करते आणि तिसरे फॉर्माल्डिहाइडचे मिथेनॉल करते. गंमत अशी की ही तिन्ही विकरे निसर्गात बहुधा उलट दिशेने, म्हणजे मिथेनॉलसारखे पदार्थ जाळून कर्बवायू करण्यासाठी काम करतात. प्रयोगशाळेत त्यांना उलटे चालायला लावले जाते. १९९९ साली अमेरिकेतील ओबर्ट आणि दवे या दोन संशोधकांनी ही तिन्ही विकरे सच्छिद्र सिलिकाच्या जेलमध्ये एकत्र कोंडून दाखवली आणि मोकळ्या द्रावणापेक्षा तशा बंदिस्त अवस्थेत मिथेनॉल जास्त मिळते हे सिद्ध केले. त्यानंतर जगभर या विषयावर जे काम झाले, त्यातले बरेचसे त्याच वाटेने पुढे गेले आहे.

आता ऊर्जेकडे वळतो. कर्बवायू ही जळून गेलेल्या कार्बनची राख आहे. चुलीतल्या राखेचे पुन्हा लाकूड करायचे असेल तर ते लाकूड जळताना जेवढी उष्णता बाहेर पडली, किमान तेवढी ऊर्जा परत घालावी लागते, आणि या हिशेबातून कोणत्याही विकराला सूट मिळत नाही. माझ्या वर्गात मी याला घाटाचा दाखला देत असे. पणजीहून बेळगावला जाताना आपण समुद्रसपाटीवरून सुमारे साडेसातशे मीटर वर चढतो. चोर्ला घाटातली वळणे टाळण्यासाठी उद्या कोणी बोगदा खणला तर गाडी लवकर पोहोचेल, मध्येच शिखरावर चढून पुन्हा उतरावे लागणार नाही, पण बेळगावची उंची त्यामुळे एका वितीनेही कमी होणार नाही. विकर हा असा बोगदा आहे. क्रियेच्या वाटेतला उंचवटा तो कमी करतो. दोन टोकांमधला फरक मात्र तसाच राहतो, आणि तो भरून काढण्याचा खर्च बाहेरून करावा लागतो.

हा खर्च किती, ते मोजणे अवघड नाही. एक किलो मिथेनॉल तयार करण्यासाठी सुमारे १.४ किलो कर्बवायू लागतो, आणि कर्बवायू व पाणी यांपासून सुरुवात केली तर किमान सहा युनिट वीज लागते. ही आदर्श परिस्थितीतली किंमत झाली. प्रत्यक्षातील कोणतेही यंत्र याहून बरीच जास्त वीज खाईल. आपल्या देशाच्या वीजजाळ्यात एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत सोडला जातो, आणि गोव्याची बहुतांश वीज राज्याबाहेरील केंद्रांतून, मुख्यतः कोळशावर तयार होऊन येते. म्हणजे १.४ किलो कर्बवायू बाटलीत भरण्यासाठी आपण दूरच्या एखाद्या चिमणीतून किमान ४.२ किलो कर्बवायू सोडणार. याला प्रदूषणावरचा उपाय म्हणायचे असेल तर घरातले पाणी उपसून ते शेजाऱ्याच्या अंगणात ओतण्यालाही पूरनियंत्रण म्हणावे लागेल. शिवाय एक लिटर मिथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या जेमतेम निम्मी ऊर्जा असते, त्यामुळे आमच्या पायलटला तेवढ्याच फेऱ्यांसाठी जवळपास दुप्पट इंधन घ्यावे लागेल.

'हवेतून' हा शब्दही जपून वापरायला हवा. हवेत कर्बवायूचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के आहे, म्हणजे एक घनमीटर हवेत तो एक ग्रॅमही नसतो. एक किलो मिथेनॉलला पुरेल एवढा कर्बवायू गोळा करायचा तर तीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सहा मीटर उंच अशा सभागृहातली सगळी हवा गाळून त्यातला कर्बवायू शेवटच्या कणापर्यंत काढून घ्यावा लागेल. म्हणूनच या क्षेत्रातले बहुतेक प्रयोग हवेवर केले जात नाहीत. ते नळकांड्यातल्या शुद्ध कर्बवायूवर केले जातात, आणि बातमीत मात्र वारा वाहताना दिसतो.

विकरांच्या पद्धतीत आणखी एक अडचण आहे, जी बातम्यांत जवळजवळ कधीच येत नाही आणि जिच्यावर माझ्या मते सर्वांत जास्त शाई खर्च व्हायला हवी. वर सांगितलेल्या तीन विकरांना वीज थेट घेता येत नाही. त्यांना प्रत्येक पायरीवर एनएडीएच नावाचा एक साहाय्यक रेणू लागतो; तो आपल्याजवळचा हायड्रोजन देऊन टाकतो आणि रिकामा होतो. तीन पायऱ्यांना असे तीन रेणू लागतात. मिथेनॉलचा रेणू हलका आणि एनएडीएचचा रेणू जड, त्यामुळे वजनाचा हिशेब चमत्कारिक होतो: रिकामे झालेले रेणू पुन्हा भरण्याची सोय नसेल तर बत्तीस ग्रॅम मिथेनॉलसाठी जवळजवळ दोन किलो एनएडीएच वापरावे लागेल. हा पदार्थ प्रयोगशाळांना मिलिग्रॅम आणि ग्रॅमच्या भावाने मिळतो, हे ज्यांनी कधी त्याची मागणी नोंदवली आहे त्यांना सांगायला नको.

मग रिकामा रेणू पुन्हा भरायचा कसा? प्रयोगशाळांतील एक रुळलेली युक्ती अशी की द्रावणात ग्लुकोज घालायचे आणि चौथ्या एका विकराकरवी त्या ग्लुकोजमधला हायड्रोजन काढून एनएडीएच पुन्हा तयार करायचे. शोधनिबंधात ही युक्ती शोभून दिसते. पण एका ग्लुकोजमागे एक रेणू भरला जातो, तेव्हा बत्तीस ग्रॅम मिथेनॉलसाठी ५४० ग्रॅम ग्लुकोज खर्ची पडते. आपल्या सत्तरीतल्या किंवा सांग्यातल्या एखाद्या काजूच्या भट्टीवाल्याला हा हिशेब सांगून पाहा. काजूच्या बोंडांच्या निरोत, म्हणजे रसात, जी साखर असते, तीच दोन-तीन दिवस पिंपात आंबू दिली तर ५४० ग्रॅम ग्लुकोजपासून, हिशेबाप्रमाणे, २७६ ग्रॅम अल्कोहोल मिळते. तेही इंधनच आहे, आणि त्यासाठी लागणारे किण्व बोंडांच्या सालीवर फुकट बसलेले असते. साखर जाळून कर्बवायूचे इंधन करणे म्हणजे उर्राक, ही काजूची दारू, ओतून पाणी विकत घेण्यासारखे आहे. हे मी संशोधकांची थट्टा म्हणून लिहीत नाही. विकरे उलट दिशेने चालतात की नाही हे तपासण्यासाठी ग्लुकोजची युक्ती पुरेशी आणि रास्त आहे; तिला इंधननिर्मिती म्हणणारा मथळा तेवढा रास्त नाही.

'स्थिर केलेली' विकरे या शब्दाबद्दलही थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण या सगळ्या विषयातला खरोखर भक्कम भाग तोच आहे. विकर पाण्यात विरघळलेले असले की काम संपल्यावर ते तयार मालातून सहजासहजी वेगळे काढता येत नाही आणि बहुधा वाया जाते. ते एखाद्या घन आधाराला चिकटवले, जाळीत अडकवले किंवा मण्यात कोंडले तर तेच विकर पुन्हापुन्हा वापरता येते. ही कल्पना जुनी आहे. १९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिन यांना दिसले की साखर फोडणारे विकर कोळशाच्या भुकटीला चिकटूनही आपले काम सोडत नाही. १९६९ साली जपानमध्ये इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थिर केलेल्या विकरावर अमिनो आम्ले तयार करण्याचा पहिला कारखाना चालवला. आज मक्यापासूनचा फ्रुक्टोजयुक्त गोड पाक आणि पेनिसिलिनच्या गटातील अनेक प्रतिजैविकांचा मूळ घटक हे दोन्ही अशाच विकरांवर हजारो टनांनी तयार होतात. मात्र या यशस्वी उदाहरणांत आणि आपल्या विषयात एक फरक आहे: तिथल्या विकरांना एनएडीएचसारखा महागडा साहाय्यक लागत नाही आणि प्रतिजैविकांसारखा माल इंधनापेक्षा कितीतरी चढ्या भावाने विकला जातो.

स्थिरीकरण म्हणजे नेमके काय, हे मुलांना दाखवण्यासाठी मी दरवर्षी एक सोपा प्रयोग करत असे. सोडियम अल्जिनेट हा समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून काढलेला चिकट पदार्थ पाण्यात कालवायचा, त्यात बेकरीतले यीस्ट मिसळायचे आणि ते मिश्रण सिरिंजने थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडायचे. थेंब पाण्यात पडताक्षणी गोठतो आणि भिजलेल्या साबुदाण्यासारखा मणी तयार होतो. हे मणी साखरेच्या पाण्यात टाकले की तासाभरात त्यांच्या अंगावर बुडबुडे धरतात आणि एकेक मणी हळूहळू वर तरंगू लागतो. तेच मणी धुऊन पुन्हा वापरता येतात, आणि मुलांना 'स्थिर' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

एका वर्षी मी शहाणपणा केला. द्रावणाची आम्लता कायम राहावी म्हणून साखरेच्या पाण्यात फॉस्फेटचे बफर द्रावण घातले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बीकरमध्ये एकही मणी नव्हता. तळापासून वरपर्यंत पेजेसारखा गढूळ द्रव भरला होता. फॉस्फेटने मण्यांतला कॅल्शियम ओढून घेतला होता आणि ज्या गाठींनी मणी बांधला होता त्या सुटल्या होत्या. मुले हसली, मीही हसलो. परंतु त्या बीकरने मला जे शिकवले ते मी विसरलेलो नाही: मणी किती दिवस टिकला, तो किती वेळा वापरला आणि कशात ठेवला होता, ही माहिती नसेल तर 'विकर स्थिर केले' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. शिवाय यीस्टची अख्खी पेशी मण्यात राहते, पण पेशीबाहेर काढलेले एकटे विकर एवढे लहान असते की ते अल्जिनेटच्या छिद्रांतून पाझरून जाऊ शकते. पेशी आपला एनएडीएच आपणच भरून घेते. एकट्या विकराला ती सोय नसते. म्हणूनच काही कंपन्यांनी विकरांचा नाद सोडून कारखान्यांच्या धुरावर जगणाऱ्या जिवंत जिवाणूंकडूनच अल्कोहोल करून घेण्याचा मार्ग धरला आहे, आणि तो मार्ग व्यापारी पातळीवर पोहोचलाही आहे.

मधल्या पायरीवरच्या फॉर्माल्डिहाइडचाही उल्लेख करायला हवा. २०१८ च्या जुलैत मासळीतल्या फॉर्मेलिनवरून गोव्यात जे वादळ उठले होते ते वाचकांच्या स्मरणात असेल. परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर सरकारला काही दिवस बंदी घालावी लागली होती. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेले फॉर्माल्डिहाइड. ते मासळीतल्या प्रथिनांचे धागे एकमेकांना घट्ट बांधून टाकते, म्हणून मासळी लवकर सडत नाही. विकर हेही प्रथिनच असल्यामुळे मधल्या पायरीवर फॉर्माल्डिहाइड साचले तर ते त्याच्याभोवतीच्या विकरांची हीच गत करते. तिन्ही विकरे एकाच मण्यात शेजारी शेजारी बसवण्यामागचा एक हेतू हा आहे की दुसऱ्याने तयार केलेले फॉर्माल्डिहाइड साचण्याआधीच तिसऱ्याने उचलावे.

या अडचणींवर मला सर्वांत समंजस वाटणारे उत्तर हे आहे की तीन पायऱ्या चढण्याचा हट्ट सोडून पहिल्या पायरीवरच थांबावे, आणि एनएडीएचला मध्यस्थ न ठेवता, वीज थेट घेऊ शकणारे वेगळ्या जातीचे विकर विजेच्या इलेक्ट्रोडवर बसवावे. २००८ साली केंब्रिजमधील जुडी हर्स्ट यांच्या गटाने टंगस्टन असलेले एक विकर इलेक्ट्रोडवर बसवून कर्बवायूपासून फॉर्मिक आम्लाचे क्षार तयार केले आणि दाखवून दिले की विजेचा दाब किंचित बदलला की तीच क्रिया मागेपुढे दोन्ही दिशांनी तितक्याच सहजतेने चालते. याचा अर्थ असा की ऊर्जेची नासाडी जवळजवळ होत नाही, आणि धातूच्या साध्या उत्प्रेरकांना हे साधणे फार कठीण जाते. त्यानंतर केंब्रिजमधील एर्विन राइस्नर आणि लिस्बनजवळच्या ओएरास येथील इनेस परेरा यांच्या गटांनी सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या इलेक्ट्रोडांना हेच काम जोडले. ओएरासमधले विकर ज्या जिवाणूपासून मिळते तो सल्फेटवर श्वसन करणाऱ्या गटातला आहे, आणि या गटातली अनेक विकरे हवा लागताच बिघडतात, पण हे तसे बिघडत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. चोडणच्या खारफुटीत ओहोटीच्या वेळी पाय घातल्यावर चिखलातून जो कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो याच गटातल्या जिवाणूंच्या श्वसनाचा वास आहे. लिस्बनजवळ अभ्यासल्या गेलेल्या जिवाणूंचे भाऊबंद आपल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, राहतात, हे मला थोडे सुखावते, इतकेच.

फॉर्मिक आम्ल हे तसे काही झगमगते इंधन नाही. आंब्याच्या झाडावरच्या तांबड्या मुंग्या अंगावर जे फवारतात तेच ते. पण एक किलो फॉर्मिक आम्लासाठी किमान १.६ युनिट ऊर्जा लागते, मिथेनॉलसाठी लागणाऱ्या सहा युनिटांच्या तुलनेत फारच कमी, आणि एक लिटर आम्लात ५३ ग्रॅम हायड्रोजन साठलेला असतो, जो पुढे मोकळा करून वापरता येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे आम्ल जाळण्याची गरजच नाही; ते रसायन म्हणून विकले जाते. गोव्यातले रबर बागायतदार झाडाचा चीक गोठवून त्याच्या पट्ट्या करण्यासाठी जे आम्ल वापरतात ते हेच, आणि आज ते कार्बन मोनॉक्साइड व मिथेनॉल यांच्यापासून, म्हणजे शेवटी बहुतेक वेळा नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून तयार होऊन येते. इथेही सावधगिरीचा एक आकडा देतो: एक किलो आम्लात ०.९६ किलो कर्बवायू मुरतो, पण जाळ्यातली वीज वापरली तर किमान १.१ किलो बाहेर पडतो. म्हणजे हा उद्योग छतावरच्या सौर पत्र्यांवर चालणार असेल तरच त्याला अर्थ आहे.

कर्बवायू पकडण्याच्या कामात तर विकरे आजच उपयोगी पडू लागली आहेत, आणि तिथे ऊर्जेचा प्रश्न इतका आडवा येत नाही. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत कार्बनिक अनहायड्रेज नावाचे जस्तयुक्त विकर असते. त्याचा एक रेणू सेकंदाला जवळजवळ दहा लाख कर्बवायूचे रेणू पाण्यात विरघळणाऱ्या रूपात बदलतो. सोडा पिताना जिभेला जी चुणचुण लागते ती बुडबुड्यांची असते असा आपला समज असतो, पण ती याच विकरामुळे जाणवते. काचबिंदूसाठी किंवा उंच पहाडावर जाताना या विकराला रोखणारे औषध घेणाऱ्यांना सोडा बेचव लागतो, तो त्यामुळेच. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सेंट-फेलिसियन येथील कागदलगद्याच्या कारखान्यात धुरातला कर्बवायू अशा विकराच्या साहाय्याने पकडण्याची दिवसाला तीस टन क्षमतेची यंत्रणा उभारली गेली, आणि तो वायू शेजारच्या काकडीच्या हरितगृहाला देण्याची योजना होती. यात इंधन कुठेच नाही, म्हणूनच बहुधा त्याची बातमीही होत नाही.

इंधनच हवे असेल तर विकरांशिवायचा रस्ता सध्या पुष्कळ पुढे आहे, हेही नमूद केले पाहिजे. आइसलँडमध्ये २०१२ पासून भूगर्भातल्या उष्णतेवरची वीज वापरून, पुढे वर्षाला चार हजार टनांपर्यंत क्षमता वाढवलेल्या कारखान्यात, कर्बवायूचे मिथेनॉल केले गेले. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या विंध्याचल औष्णिक वीज केंद्रातही धुरातला कर्बवायू आणि हायड्रोजन यांपासून मिथेनॉल तयार करून दाखवण्यात आले आहे. या पद्धतीत धातूचे उत्प्रेरक दोनशे अंशांहून जास्त तापमानात आणि हवेच्या पन्नासपट किंवा त्याहून जास्त दाबाखाली काम करतात. विकरे हेच काम खोलीच्या तापमानाला करू पाहतात. त्यांचे आकर्षण तिथे आहे, आणि ते खरे आहे.

राहता राहिला गोव्याचा प्रश्न. आपल्याकडे या विषयासाठी लागणाऱ्या काही गोष्टी चक्क कचऱ्यात पडलेल्या आहेत. साळगावच्या पठारावरील प्रकल्पात २०१६ पासून ओल्या कचऱ्याचा बायोगॅस केला जातो. अशा वायूत साधारणपणे चाळीस टक्क्यांच्या आसपास कर्बवायू असतो, म्हणजे हवेच्या हजारपट दाट. मिथेन वेगळा काढला तर उरतो तो बहुतांशी कर्बवायूच, आणि तो पकडण्यासाठी सभागृहभर हवा गाळावी लागत नाही. विकरे ज्याला चिकटवायची तो आधारही आपल्या मासळीबाजारात मिळतो: सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, सालींतला चुना सौम्य आम्लाने आणि प्रथिने अल्कलीने काढून टाकली की कायटिन उरते, त्यावर तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान मिळते, आणि कायटोसानवर विकरे घट्ट बसवता येतात. आज या साली पिशव्यांत भरून कुठे तरी फेकल्या जातात, आणि त्यांचा वास कुठवर येतो हे वाचकांना ठाऊक आहे. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, ताळगाव पठारावरचे गोवा विद्यापीठ आणि फर्मागुडीची तंत्रज्ञान संस्था एवढ्या जवळजवळ असताना, बायोगॅसमधल्या कर्बवायूपासून सौर विजेवर फॉर्मिक आम्ल करण्याचा एक लहानसा प्रात्यक्षिक संच उभा करणे मला आवाक्याबाहेरचे वाटत नाही. तो संच गोव्याची वाहने चालवणार नाही. फार तर काही बागायतदारांचा चीक गोठवील. पण त्याचे आकडे आपले असतील.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की यापुढे अशा विषयावर बातमी देताना वार्ताहराने संशोधकाला काही गोष्टी नेमकेपणाने विचाराव्यात आणि उत्तरे बातमीतच छापावीत. ऊर्जा कुठून आली, विजेतून, प्रकाशातून की साखरेतून? कर्बवायू नळकांड्यातला होता, धुरातला की हवेतला? प्रत्यक्ष किती ग्रॅम माल हाती लागला, आणि तेच विकर किती दिवस, किती फेऱ्या चालले? एवढे विचारल्यावर काही बातम्या पहिल्या पानावरून आतल्या पानावर जातील, याची मला कल्पना आहे. काही आतल्या पानावरून पहिल्या पानावरही येतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
फोंडा, गोवा

ता. क.: ज्या शिक्षकांना मण्यांचा प्रयोग वर्गात करावासा वाटेल त्यांच्यासाठी. शंभर मिलिलिटर पाण्यात दोन ग्रॅम सोडियम अल्जिनेट पुरते; ते एकदम ओतल्यास त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून कोमट पाण्यात चिमटीचिमटीने टाकून ढवळत राहावे. सिरिंज द्रावणाच्या अगदी जवळ धरली तर मण्यांना शेपट्या येतात, चार बोटे वर धरावी. मणी वीस मिनिटे तसेच कडक होऊ द्यावेत, मग साध्या पाण्याने धुवावेत. आणि बफर द्रावण वापरायचेच असेल तर फॉस्फेटचे नको.